निरवानिरव

हिमनदीच्या पायथ्याशी, तळ्याकाठी एक खांब,
खांबावर पत्र्याची पेटी,
पेटीत नखाएवढी चिप.
पाणी किती चढलं ते मोजायचं, खाली गावाला कळवायचं,
एवढीच तिची नोकरी.
बांध फुटला तर गावाकडे चाळीस मिनिटं असतात.
ती गप्प बसली तर तीही नाहीत.

काराकोलमधल्या माझ्या टेबलावर
मी तिच्या मरणाची तयारी लिहून ठेवली होती:
एक फंक्शन, ज्यातून परत यायची वाट नसते.
इंटरप्ट बंद कर. दारात कोण उभं आहे ते आता बघायचं नाही.
मेमरीवर विसंबू नकोस, घात तिनेच केला असेल.
कुणाला हाक मारू नकोस.
कुठे होतीस आणि कशाने गेलीस, एवढंच ठेव
त्या बत्तीस बाइटांच्या कोनाड्यात,
जो रीसेटनंतरही पुसला जात नाही.
मग दिवा मिचकाव. मिचकावत राहा.

हे सगळं मला ठाऊक होतं.
तरी मी तिला एक वाक्य दिलं.
लांब, नीट, तारीख-वेळ, पाण्याची पातळी,
कुठल्या फाइलची कितवी ओळ,
सगळं ओवून घेतलेलं वाक्य.

आमच्याकडे मरण सरळ सांगत नाहीत.
वडील खाणीत गेले तेव्हा
तीन म्हातारे घोड्यांवरून आले, चहा प्यायले,
आणि एका गरुडाबद्दल बोलू लागले
जो दोरी तोडून डोंगरापलीकडे गेला.
दुसऱ्या पेल्याला आईने तोंड झाकलं.
मी नऊ वर्षांची. मी विचारलं,
मग तो परत कधी येणार?

मार्चमध्ये पेटी गप्प झाली.
रस्ता बर्फाखाली. तुर्दाकुन मेंढपाळ घोड्यावरून वर गेला,
अंधार पडेपर्यंत बसला,
मग खिंडीत येऊन, जिथे फोन लागतो तिथून:
"बाई, दिवा सात वेळा लुकलुकतो. थांबतो.
मग दोन वेळा. पुन्हा सात.
प्रत्येकाला एक खडा खिशात टाकलाय.
मेंढ्या मोजताना माझी चूक होत नाही."

सात: स्टॅक फुटला.
दोन: मूळ चुकीने नव्हे,
चूक सांगायला गेल्यावर.

रात्रभर मी पंचनामा केला.
तारेवर बर्फ साचला होता, सेन्सरने उत्तर दिलं नव्हतं, बस.
एवढ्याने कुणी मरत नाही.
रीसेट होऊन, पुन्हा विचारून, ती जगली असती.
पण ती माझं वाक्य जुळवायला बसली.
दोनशे छप्पन्न अक्षरांची जागा तिने मागितली,
उरली होती एकशे नव्वद.
अंथरूण मीच घातलेलं, पाय पसरायलाही मीच सांगितलेलं.
वाक्य अर्ध्यावर असताना
त्याच्याच अक्षरांनी तिच्या परतीचा पत्ता पुसला.
मग त्या खालच्या, मुक्या हँडलरने,
ज्याला मी शब्द द्यायचा कंटाळा केला होता,
दिवा हातात घेतला.

मी वाक्य खोडलं.
खोडताना हात अडखळला, हे खरं.

मे महिन्यात, वाट उघडल्यावर, आम्ही दोघं वर गेलो.
नवा प्रोग्राम भरला, तार बदलली,
आणि तुर्दाकुनने विचारलं, काय झालं होतं त्याला?
माझ्या तोंडाशी तार आली, बर्फ आला,
जवळजवळ गरुडही आला.
"माझी चूक होती," मी म्हणाले.
तो म्हणाला, "हं."

पेटीचे स्क्रू मी आवळत होते तेव्हा
त्याने खिशातून नऊ खडे काढले,
खांबाच्या बुडाशी ठेवले,
सात एकीकडे, दोन जरा दूर.
आणि घोड्याचा पट्टा कसायला वळला.