उजवी शिफ्ट

मंगळवारी सकाळी कीबोर्ड अक्षरं गिळायला लागला.
सगळी नाही.
दाबून धरलेली उमटत होती,
निसटत्या बोटाची तेवढी जात होती.
माझं तर सगळं कामच निसटत्या बोटाचं :
सतरा वर्षं नारायण पेठेत डीटीपी,
पानावर पैसे.

आधी गेली पाय मोडायची कळ.
अक्षराचा पाय मोडायला असा कितीसा वेळ लागतो?
पण मोडेना,
आणि जोडाक्षरं हात सोडून
एकेकटी उभी राहिली :
लगन. पतरिका. सननमान.
नवरीमुलगी प्राजक्ता, तिची झाली पराजकता.
राजाभाऊ म्हणाले, अजून एक अक्षर सरकलं की संपलं राज्य.

मी कीबोर्ड उलटा धरून थोपटला,
ढेकर काढायला तान्ह्याला थोपटतात तसा.
पडलं : एक स्टेपलची पिन, तीन तीळ,
कुणाच्या तरी नखाची कोर.
तपकीर गल्लीतून नवा आणला, साडेचारशेचा,
गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत.
त्यानंही तेच गिळलं.

मग व्हायरस. मग फॉन्ट. मग वायर.
मग माझी बोटं.
हे राजाभाऊ बोलले नाहीत,
नुसता चष्मा कपाळावर चढवून बघितलं.
पेठेत तेवढं पुरतं.

फोनवर मुस्तकीम म्हणाला, ताई,
खाली कोपऱ्यात बघा, काय काय दिसतं?
स्पीकर. तारीख. घड्याळ.
आणि अजून एक घड्याळ.
वेळेचं?
नाही, शर्यतीचं. डोक्यावर बटण असतं ते.
मग काही बिघडलेलं नाही, म्हणाला.
त्याला कुणीतरी सांगून ठेवलंय :
घाईचं बोट मोजू नकोस.

सुलभता, असं नाव होतं त्या पानाचं.
मी सुलभता बंद केली.
प्राजक्ता दुपारी छापायला गेली.

बुधवारी टेबलावर करडेकाकांचं प्रूफ.
ते साडेसहानंतर येतात, एका गौरवग्रंथाच्या दुरुस्त्या करतात,
मी कधी बसून पाहिलेलं नाही.
*ममममहाराजांच्या काळी तततत तांब्याची*
आणि प्रत्येक जादा अक्षराभोवती
लाल पेनानं काढलेलं वाकडं वर्तुळ.
मी एकेचाळीस मोजली.
खाली चिठ्ठी :
यंत्र पुन्हा बिघडले आहे. क्षमस्व. वि. ग. करडे.

पुन्हा.

दिवाळीपासून त्यांचा चहा बशीत सांडतो,
ते मला दिसलं होतं.
त्यावरून काही कळलं मात्र नव्हतं.
तांबट आळीतले ते. वडील मठारकाम करायचे.
एकदा जिन्यात सांगितलं होतं,
ठोका मारायला महिन्यात शिकलो हो,
हात वेळेवर उचलायला तीन वर्षं लागली.
आता तोच उचलत नाही.
म्हणून कधीतरी, कुणाला न विचारता,
त्यांनी यंत्रालाच शिकवलं असणार :
जरा कळ काढ,
माझा हात ठरेपर्यंत.

आता सव्वासहाला मी फाइल बंद करते,
बाटली पिशवीत टाकते,
आणि करंगळीनं उजवी शिफ्ट दाबून धरते.
एक, दोन, तीन,
खाली कुणीतरी स्कूटर तिरकी लावतंय,
पाच, सहा,
आठला यंत्र टुंग करून विचारतं, हवं का.
हो म्हणते.
जिन्यात त्यांच्या चपला वाजतात.
उकडतंय, एवढंच बोलतो आम्ही.

मला वाटलं होतं, सकाळी मीच ते बंद करीन.
पण सकाळी बघते तर कोपरा रिकामा,
शर्यतीचं घड्याळ गेलेलं,
माझी सगळी घाई जिथल्या तिथे.
म्हणजे रात्री निघताना
तेही ती कळ दाबून धरतात.
आठ सेकंद.
न हलता.
त्या हातानं.