मानशीपाशी

अकरा मतांनी पंच झाली एर्मेलिंदा.
त्या अकरांत मी नाही.
मी शिक्का मारला सगुणच्या नारळावर,
आणि तिचे फटाके वाजले तेव्हा
खिडकी लावून घेतली.

काल पुनवेच्या भरतीनं मानशीची फळी निखळली,
खारं पाणी शेतात.
चोडणच्या फेरीतून उतरलो
तर बांधावर हीच, गुडघाभर चिखलात,
फोन खांद्यानं कानाशी दाबून
कुणा इंजिनियरला झापत होती.
मला बघून म्हणाली, “उल्हास, ती गोण धर.”

माझं मत कुठं गेलं, तिला ठाऊक असणार.
गाव ते केवढं.

धरली गोण.
नखावरची शाई अर्ध्यावर सरकलीय,
आणखी दोनदा नखं काढली की संपेल.
“पंचबाई,” मी म्हटलं
(जीभ जराशी अडखळली)
“माती पुरायची नाही.”