आधी रबर, मग लोखंड

इब्रीच्या सनाइयात, पत्र्याच्या छपराखाली,
जिथे ऑगस्टमध्ये पान्याला हात लावण्याआधी
त्यावर पाणी मारावं लागतं,
शेहमीर बलोच माझ्या गाडीखाली आडवा झालाय.
फक्त चपला दिसतात त्याच्या,
आणि त्या काही बोलत नाहीत.

मी यादी आणलीय. नाइट ड्यूटीत केलेली,
इन्सुलिनच्या खोक्याच्या पाठीवर:
गाडी दोन इंच उचलायचा संच.
छतावर दिव्यांची पट्टी, पांढरी, लांबलचक.
इंजिनाला श्वास घ्यायला सोंड.
खाली आकडा, चारशे रियाल.
चारशेच आहेत. त्यापलीकडे
मिरजेतल्या फ्लॅटचा हप्ता,
त्याला हात लावायचा नाही.

शेहमीर बाहेर येतो, यादी वाचतो,
सोंडेवर काळं बोट ठेवतो.
"सिस्टर, पोहायला जाणार?"
मग चाकापाशी उकिडवा बसून
टायरवरचे चार आकडे अंगठ्याने पुसून दाखवतो:
एकविसावा आठवडा, सन दोन हजार बारा.
नक्षी अजून खोल, जवळजवळ कोरी,
पण कडेने बारीक भेगा, टाचेला पडतात तशा.
मी गप्प.
बावीस वर्षं सलाइनची बाटली उलटी करून
आधी तारीख बघणारी मी,
गाडी घेताना रंग बघितला.

"आधी रबर," तो त्याच्या हिंदीत म्हणतो,
"लोखंड नंतर. लोखंड थांबतं."

चार टायर, एकशे छत्तीस.
इंजिनामागे दडलेला हीटरचा होज, बोटभर लांब,
चिमटीत धरला तर मारी बिस्किटासारखा मोडला.
दीड रियाल.
फहूदच्या रस्त्यावर हा फुटला असता
तर दीड रियालापायी अख्खं इंजिन गेलं असतं.
रेडिएटरमधून चहा निघाला. तीनदा धुतला,
चौथ्यांदा कुठे पाणी पाण्यासारखं.
ब्रेक दाबला की सगळी डावीकडे ओढ,
एक बाजू गेलेल्या माणसाची असते तशी.
आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की
पुढच्या चाकात टक, टक.
"ह्याला वेळ आहे. ग्रीस भरू, ऐकत राहू."
हेच वाक्य मीही बोलते,
नातेवाइकांना बाजूला घेऊन.

हमूद मास्तर रोज पाचला येतात.
सत्तावीस वर्षं गाडी त्यांची.
साखरेने डोळे नेले, मुलांनी किल्ली.
विकताना घासाघीस केली नाही,
एवढंच विचारलं, शुक्रवारी वाळूत न्याल ना तिला?
येतात, बॉनेटवर तळहात टेकतात,
ताप बघावा तसा,
आणि अंदाजाने माझ्या दिशेला वळतात: कशी आहे?
माझ्या तोंडून सवयीनं निघून जातं:
स्थिर आहे. रात्र बरी गेली.

हिशेब होऊन उरले एकोणतीस.
तीनचं हवा मोजायचं मीटर.
वाळूत शिरण्याआधी चाकं पंधरावर उतरवायची,
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही;
हवा सोडत काटा खाली येताना बघणं
हा माझा रोजचा धंदा.
ओढायचा दोर, जुना पण जाड, बारा.
राहिले चौदा.

बिजोयच्या दुकानात दिव्यांची पट्टी लटकतेय,
दाखवायला म्हणून दिवसाही पेटवलेली.
मी मुकाट्याने पायरी मागितली.
उजव्या दाराखाली लावायची,
रुंद, खरखरीत, पाय न घसरणारी.

कोणासाठी, शेहमीरने विचारलं नाही.
टेप काढली,
मास्तर बॉनेटशी पाठमोरे उभे होते,
त्यांच्या नकळत जमिनीपासून गुडघ्यापर्यंत मापलं,
आणि त्याहून दोन बोटं खाली
वेल्डिंगची ठिणगी पाडली.