यूझ

शिट्टी वाजवताना करतात तसे ओठ गोल करा
आणि त्या गोलातून ई म्हणा.
आधी य. शेवटी झाडातला झ, पण हलका,
काचेला धडकणाऱ्या माशीसारखा.
झालं. एवढाच आहे शब्द.

अंकाराच्या कोशकचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या लाकडी खणात त्याची चार कार्डं आहेत.
एक: शंभर.
दोन: चेहरा; पाण्याचा वरचा पदर; रजईचा अभ्रा.
तीन: पोह.
चार: सोल, कातडं काढ.
आमचे नाझिफ बे, हयात ज्यांची मुळं उकरण्यात गेली,
म्हणायचे, जाता येईल तितकं मागे जा,
गावं संपतील, तंबू लागतील, मग नुसते घोडे आणि गवत,
तिथेही हे चौघे एकाच आवाजात बोलताना सापडतात
आणि विचारलं तर
एकमेकांना ओळखत नाहीत.

सिनोपच्या धक्क्यावर बाबांचं खाटकाचं दुकान.
मी नऊ वर्षांची, तेव्फिक पाचाचा.
लपाछपी. राज्य माझ्यावर.
दुकानाच्या निळ्या दारात तोंड खुपसून मी मोजत होते,
सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव (मधले बरेच गाळले होते),
नव्याण्णव,
आणि ओरडले: यूझ!
त्याच क्षणी, की जरा आधी, आत
बाबा पोऱ्याला, दुर्सुनला, टांगलेला मेंढा दाखवून
म्हणाले असतील: यूझ.
माडीवर आई शेजारणीला सांगत होती,
दे ना तो, पिवळा, रजईचा यूझ.
आणि धक्क्याला बांधलेल्या होडीत
हाम्सीच्या ओल्या जाळ्याखाली लपलेला माझा भाऊ
उठला
आणि सरळ पाण्यात गेला.

बाबांनी बाहेर काढलं. त्यांच्या कोपरापर्यंत रक्त,
धावत आलेल्या बायकांना वाटलं, पोराचंच.
पोरगं जगलं. महिनाभर ताप. डावा कान गेला.

बाबा शपथेवर सांगत, ओरडलो तो मी.
सोलायला सांगताना इतक्या मोठ्याने कोण ओरडतं?
दुर्सुन म्हणे, त्या दिवशी मेंढा आलाच नव्हता.
त्यावरून त्या दोघांचं जे फाटलं ते फाटलंच.
बाबा कुणासाठी खोटं बोलत होते
हे कळायला मला त्यांची मयत लागली.

आई मात्र एकदाच बोलली. पातेलं घासता घासता,
माझ्याकडे न बघता:
सेनिन यूझुन्देन.
तुझ्यामुळे, असं म्हणायचं असलं की आम्ही म्हणतो
तुझ्या चेहऱ्यावरून.
हाही अर्थ आहे कार्ड दोनवर, अगदी तळाशी, माझ्या अक्षरात.
वापराचं वाक्य द्यावं लागतं. मी दिलं:
पावसामुळे बोट सुटली नाही.
नाझिफ बेंनी ते तपासून खाली सही केली.

तेव्फिक आता मालवाहू जहाजावर भटारी आहे.
परवा आला. मी त्याच्या उजवीकडे बसले, नेहमीसारखी.
चारही कार्डं पुढ्यात ठेवली.
चष्मा कपाळावर ढकलून, परक्या बंदरातल्या खाणावळीची
किंमतीची पाटी वाचावी तशी त्याने ती वाचली.
मग म्हणाला,
ताई, मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
टोपी पडली होती पाण्यात.

चाळीस वर्षं, मी म्हटलं.
विचारलं कुणी मला? तो म्हणाला.
तुमचं तुमच्यातच ठरत होतं.

खाली रस्त्यावर सिमितवाला ओरडत गेला.
मी विचारलं, कुठली टोपी?
तो बराच वेळ आठवत राहिला,
चांगला कान माझ्याकडे करून,
जसं काही
मीच सांगणार होते.