बेचाळीस दिवस

कायद्यानं बेचाळीस दिवस दिलेत.
आज एकोणचाळिसावा.
हडर्सफील्डच्या ह्या चढावरच्या घरात
बाळ अजून नुसतं बाळ आहे.
हॉस्पिटलच्या पट्टीवर तर तेवढंही नाही:
'बेबी ऑफ शीतल'.

शीतल.
वर्गात आम्ही चौघी होतो.
शीतल म्हसकर, शीतल कांबळी, उंच शीतल,
आणि मी, चष्म्याची.
बाईंनी हाक मारली की चार माना वळायच्या,
तीन परत जायच्या.
आता तिकडे कुणी मुलीला शीतल म्हणत नाही.
नाव ऐकूनच लोक वय ओळखतात,
दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचावी तसं.

वजन करायला येणारी ट्रेसी हसली.
"आम्ही पाच होतो. एका वर्गात पाच ट्रेसी.
तान्ही ट्रेसी शेवटची कधी पाहिली, आठवत नाही."
काटा पुसत म्हणाली,
"जुनं न होणारं नाव?
सापडलं तर मलाही सांग, लव्ह."

सुजयनं तक्ता केलाय.
अर्थ, स्पेलिंग, इथल्या जिभांना झेपेल का,
चुलत घरात आधीच कुणी घेतलंय का.
मायरा, इनाया, शनाया, अनायरा.
सगळ्यांनी शेवटी आ वासलेला.
काल मागचं दार उघडून
त्यानं एकेक नाव अंगणात ओरडून पाहिलं,
"शनाया, जेवायला ये!"
शेजाऱ्यांची मांजर आली.

मी बाबागाडी घेऊन चर्चमागे फिरते.
शेवाळलेल्या दगडांवर एडा, एल्सी, आयव्ही.
कुणी खोकल्यानं गेलेली, कुणी बाळंतपणात,
कुणी नुसतीच 'वरील गृहस्थाची पत्नी'.
आणि गुरुवारी लायब्ररीतल्या सतरंजीवर
दोन एडा रांगत होत्या,
आयव्ही माझ्या चपलेचा बंद चघळत होती.
इथली नावं शंभर वर्षं मातीत मुरतात
आणि मग परत उगवतात, लाल गालांची.

आपल्याकडे दगड नाहीत.
नाव राखेबरोबर वाहून जातं.
बायकांचं तर त्याच्याही कितीतरी आधी.

"आई, लग्नाआधी तुझं नाव काय होतं गं?"
"कशाला आता?"
कराडला रात्रीचे साडेनऊ,
पडद्यावर तिचं अर्धं कपाळ आणि पंखा.
"सांग ना."
"वेणू."
जरा थांबून म्हणाली,
"एकोणीस वर्षं होतं.
मग ताटातल्या तांदळात तुझ्या बाबांनी
अंगठीनं सुलभा लिहिलं.
'भा'चा काना ढासळला,
तर हसले सगळे, पुन्हा लिहायला लावला.
तिथून पुढे कुणी वेणू म्हटलं नाही.
माहेरीसुद्धा."

म्हणजे हे नाव फारसं वापरलेलंच नाही.
घडी घालून ठेवलं गेलं,
विटायला सवडच मिळाली नाही त्याला.

सुजय म्हणाला, इंग्रजीत ते 'वेन्यू' ऐकू येईल.
पोरं विचारतील, कार्यक्रम कुठेय?
विचारू देत.
आणखी चाळीस वर्षांनी
वर्गात चार वेणू असतीलही,
एक उंच, एक चष्म्याची.
माझी आपल्या मानेचं काय करायचं ते बघेल.

फोन किटलीला टेकवून ठेवला होता.
मी टोपलीवर वाकले
आणि पहिल्यांदाच, हळू, चाखून बघितल्यासारखं
म्हटलं,
"वेणू?"

बाळानं उचकी दिली, दिव्याकडे पाहिलं.

किटलीकडून आवाज आला,
"ओ."

मग आई ओशाळली.
"तिला म्हणालीस होय,"
आणि दूध झाकायचं राहिलं म्हणत उठली.
बराच वेळ पडद्यावर नुसता पंखा फिरत होता.

परवा साडेदहाची वेळ मिळाली आहे.
स्पेलिंग अजून ठरायचंय.