दोनशे साठ सेकंद

क्लाक्सविकच्या वृद्धाश्रमात टीव्हीवर एक जास्तीचं चॅनेल आहे :
बंदराच्या खांबावरचा कॅमेरा.
आवाज नाही, निवेदक नाही.
होड्या येतात, होड्या जातात, धुकं उतरलं की नुसतं पांढरं,
आणि म्हातारे तेही मन लावून बघतात.

मागच्या आठवड्यापर्यंत हे चित्र घरभर सांडत होतं.
कुणाला हवंय, कुणाला नको, स्विचला पत्ता नाही,
म्हणून अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पोर्टांत
तो बंदर ओतत होता.
स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला बंदर,
कचेरीतल्या प्रिंटरला बंदर,
आणि उशाशी लावलेल्या मदतीच्या बटणांनाही.
एका रात्री आर्मगार्दबाईंनी बटण दाबलं
आणि सोलरुनच्या टेबलावरचा दिवा
चाळीस सेकंदांनी लागला.
चाळीस सेकंद म्हणजे किती, हे तिने मला
फोनवर गप्प राहून समजावलं.

मग मी भिंती घातल्या.
वीट न लावता भिंत घालायची, हाच माझा धंदा.
व्हीलॅन दहा कचेरी, वीस बटणं, तीस टीव्ही.
तार एकच, पण प्रत्येकाच्या कपाळावर आपापला आकडा,
आणि तिसाचं विसाच्या कानावर जायचं नाही.
वर स्नूपिंग चालू केलं :
स्विचने दाराला कान लावून बसायचं,
जी खोली मागेल तिलाच बंदर.
समुद्राखालच्या बोगद्यातून घरी जाताना
मी शीळ घालत होतो, हे कबूल करतो.

सोमवारी फोन : बंदर थांबलंय.

खोली नऊ. हानुस, शहाऐंशी वर्षांचा,
दीपगृहांच्या उघडझापी मोजत जन्म काढलेला.
त्याने कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवलं होतं
४-२०, ४-२०, ४-२०,
एकाखाली एक, सगळं पान.
“चॅनेल बदलून परत आलं की चालू.
मग चार मिनिटं वीस सेकंद.
मग ती निळी होडी बंदराच्या तोंडाशी उभी राहते.
आत येत नाही, बुडत नाही.
पहिल्यांदा वाटलं, मीच गेलो.”

मी हसलो नाही. बोटांवर हिशेब करत होतो :
एकशे पंचवीस, त्याची दुप्पट, वर दहा.
दोनशे साठ.
काय चुकलं ते लॅपटॉप उघडण्याआधीच कळलं.

कान लावणारा बसवला होता, विचारणारा नव्हता.
दर दोन मिनिटं पाच सेकंदांनी
कुणीतरी हाक द्यावी लागते : अजून बघताय का कोणी?
आणि दहा सेकंदांच्या आत, ज्याच्या त्याच्या सवडीने,
खोल्यांनी म्हणायचं : हो.
ही हाक देणारा राउटर
मी घातलेल्या भिंतीपलीकडे राहिला, दहा नंबरात.
म्हातारे बघतच होते.
कोणी विचारलं नाही म्हणून कोणी बोललं नाही,
आणि स्विच बिचारा, ते उठून गेले समजून
नळ बंद करत होता.

दुरुस्ती एका ओळीची. तिसात आता स्विचच हाक देतो.
हानुसच्या पलंगाच्या कडेवर बसून आम्ही
कॉफी गार होऊ दिली.
चार एकोणीस. चार वीस.
चार एकवीसला एक समुद्रपक्षी पडद्याच्या डावीकडून आत आला.
हानुस काही बोलला नाही.
कॅलेंडर सुलटं करून खिळ्याला लावलं.

निघण्याआधी यादी तपासली, कुठून कुठून ‘हो’ येतंय :
पाच, सहा, नऊ, अकरा, चौदा.

“चौदामध्ये कोण?”
“येन्सिना होत्या. शुक्रवारपर्यंत,” सोलरुन म्हणाली.
“मुलगी गुरुवारी येते आइसलँडहून.
तोवर आम्ही कशाला हात लावत नाही.”

दार अर्धं उघडं होतं. पलंग आवरलेला,
खुर्ची पडद्याकडे तोंड करून,
आणि पडद्यावर तीच निळी होडी, आता धक्क्याला लागलेली.
मी यादीतून चौदा काढला नाही.

बिलात एक तास लावला.
लागला होता दीड, पण भिंत माझीच होती.