सवय, उपयोग

लिलाववाल्यांनी फॉर्म पाठवलाय. चार पानी.
प्रत्येक रोपापुढे दोन रकाने :
वाढीची सवय. बागेतला उपयोग.
आठ दिवसांत भरून द्यायचा,
मग बॉसकोपमधली आमची ही लांबुळकी पट्टी,
दोन्हीकडे चर, मध्ये काळी माती,
रुंदीला सव्वीस पावलं,
दुसऱ्या कुणाच्या नावावर.

मिरेक होडी ढकलतो, मी पुढे बसून लिहिते.
आयव्ही : सरपटती. उपयोग : जमीन झाकणे.
पण भिंत दिसली की हीच आयव्ही वर चढते,
मग हिला वेल म्हणू की आच्छादन?
मिरेक म्हणतो, भिंत मिळाल्यावर कोण चढणार नाही?
पोलंडहून एका हंगामापुरता आला होता तो.
अकरा वर्षं झाली.

हॉर्नबीम : उभी, दाट, कात्री सोसणारी.
उपयोग : कुंपण.
शेजाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून घ्या,
असं बाबा गिऱ्हाइकाला सांगायचे
आणि पुढच्या आठवड्यात शेजाऱ्यालाही तेच,
थोडं महाग.

मॅग्नोलिया : पसरट.
हिच्यासाठी फॉर्मवर ‘मानाचं झाड’ असा शब्द आहे.
हिरवळीच्या मधोमध, आजूबाजूला कुणी नको.
कोर्नेलिया आत्या अशी होती.
घरातल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत
सगळ्यांपासून हातभर लांब,
आणि नजर मात्र तिच्यावरच जाते.

बीच, फांद्या खाली सोडणारा : सात नग.
उपयोग : पाण्याकाठी, दफनभूमीत.
आठवा आईपाशी आहे.
तो यादीत धरला नाही.

एक गोष्ट फॉर्मला ठाऊक नाही.
रोप विकलं की मुळांभोवतीचा गोळाही जातो,
तागाच्या फडक्यात गाठ मारून.
तीन पिढ्या आम्ही झाडं विकतोय असं समजत होतो;
विकत होतो पायाखालची जमीन,
टोपलीभर, टोपलीभर,
आणि दर हिवाळ्यात चरातला गाळ उपसून
परत वर टाकत होतो, उधारी फेडावी तसा.
तरी पट्टी खचलीच.
शेड खांबांवर आहे, ती होती तिथेच राहिली.
आजोबा जी पायरी न बघता चढायचे
ती आता माझ्या गुडघ्याला लागते.

शेवटी उरले चराच्या कडेचे अल्डर.
चाळीसेक असतील. वाकडेतिकडे,
बुंध्यांवर दोरांचे वळ.
सवय : छाटलं की फुटतो.
उपयोग?
इतक्या वर्षांत कुणी विचारलाच नव्हता.

रविवारी बाबांकडे गेले.
झटका आल्यापासून त्यांचे शब्द
वाऱ्याने कुंड्या उलटाव्यात तसे इकडचे तिकडे.
चमच्याला होली म्हणतात,
नर्सबाईंना अझालिया. त्या खूश असतात.
मी फोनवर फोटो दाखवला. बाबा, अल्डर.
उपयोग काय लिहू?
बराच वेळ काचेतून पार्किंगकडे बघत राहिले.
तिथे कुणीतरी लव्हेंडर लावलीय,
नेमकी सावलीच्या बाजूला, बिचारी.
मग म्हणाले,
ते झाड नाही. काठ आहे.

शब्द चुकला असेल.
मी परतीच्या बसमध्ये तो उलटसुलट करून पाहिला,
दुसरा कुठला बसेना.

ओळ कोरी ठेवलीय.
लिलाववाले फोन करतील,
रकाना रिकामा चालत नाही म्हणतील.
मिरेकने होडी बांधली,
नेहमीच्याच बुंध्याला, माझ्याशी बोलता बोलता,
तिकडे न बघता.

उद्या गुलाब. तीनशे वीस.
प्रत्येकापुढे काटेरी असं लिहायलाच हवं का,
तेवढं त्यांना विचारायचंय.